नामिबियात स्वतः गाडी चालवत: खडीचे रस्ते, पाणवठे आणि बारा रात्रींचे नियोजन

नामिबियाचा नकाशा समोर आला की पहिली चूक घरी बसल्याबसल्याच होते. एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामाचे अंतर ३०० किलोमीटर दिसते, आणि मुंबई-कोल्हापूरच्या सवयीने आपण दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचण्याचा हिशेब मांडतो. प्रत्यक्षात त्या ३०० किलोमीटरांत एखादाच पेट्रोलपंप असतो, रस्ता खडीचा असतो, समोरून तासाभरात चार गाड्या येतात, आणि सूर्य मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचणे ही चैन नसून अट असते. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठ्या असलेल्या या देशात २०२३ च्या जनगणनेनुसार जेमतेम ३० लाख माणसे राहतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०११ मध्येच याहून अधिक लोक होते. म्हणून नियोजनाचा माझा एकच नियम आहे: ठिकाणे कमी निवडावीत, शक्य तिथे सलग दोन रात्री काढाव्यात, आणि प्राणी शोधत हिंडण्यापेक्षा पाण्याजवळ बसून राहावे.

ऋतू आणि आरक्षण

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ वन्यजीव पाहण्यासाठी उत्तम असतो. पावसाळ्यात, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च या महिन्यांत, रानात जागोजागी पाणी साचते आणि प्राणी विखुरतात. हिवाळ्यापासून मात्र तात्पुरती डबकी आटत जातात आणि सप्टेंबरपर्यंत सगळ्या रानाला ठरावीक पाणवठ्यांवरच यावे लागते. नामिबिया दक्षिण गोलार्धात असल्यामुळे जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा आहे, हे लक्षात ठेवून सामान भरावे. दिवसा लख्ख ऊन असते, परंतु वाळवंटातील आणि राजधानी विंडहूकच्या पठारावरील रात्री शून्य अंशाच्या आसपास उतरू शकतात. 'आफ्रिका म्हणजे उकाडा' या समजुतीने फक्त सुती कपडे घेऊन गेलेले लोक गाडीच्या टपावरील तंबूत रात्रभर कुडकुडतात. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि एक जाड जाकीट घ्यावेच.

इटोशा अभयारण्यातील आणि नामिब वाळवंटाच्या दाराशी असलेल्या सेस्रीम येथील सरकारी मुक्काम 'नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्स' ही संस्था चालवते. जुलै ते ऑक्टोबरसाठी तिथले आरक्षण सात-आठ महिने आधी करावे, आणि विमानाचे तिकीट ते मिळाल्यानंतरच काढावे. हा क्रम उलटला, तर अभयारण्याच्या कुंपणाबाहेर राहून रोज दरवाजा उघडण्याची वाट पाहावी लागते.

कागदपत्रे आणि पैसा

भारतीय पासपोर्टधारकांना व्हिसा लागतो. त्याचे नियम अलीकडे बदलले असल्यामुळे दिल्लीतील नामिबियाच्या उच्चायुक्तालयाकडून त्यांची खात्री करून घ्यावी. लहान मुले बरोबर असतील, तर आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला जवळ ठेवावा. आपल्याकडील दाखला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक असतो, त्यामुळे वेगळे भाषांतर सहसा लागत नाही.

मुंबईहून जाताना आदिस अबाबा, किंवा आखाती देशांतून पुढे जोहान्सबर्ग, असे मार्ग सोयीचे पडतात. आदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस आधीच घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतो आणि विमानतळावरील थांबा लांबला, तर नामिबियात उतरताना किंवा परतल्यावर भारतात प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. हे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात केलेली धावपळ उपयोगाची नाही. इटोशासह उत्तर भागात हिवतापाचा धोका असतो. पावसाळ्यात तो वाढतो. गोळ्या घ्याव्यात की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

नामिबियन डॉलरची किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेली आहे. एक डॉलर म्हणजे सुमारे पाच रुपये. नामिबियात रँड सर्वत्र चालतो, मात्र नामिबियन डॉलर सीमेपलीकडे चालत नाही. शहरांत कार्ड चालते, पण आडवाटेच्या पेट्रोलपंपांसाठी आणि गावकऱ्यांच्या तळांसाठी रोख रक्कम हवीच. विजेच्या बाबतीत आपल्याला एक अनपेक्षित सोय आहे: तिथली भिंतीतील जोडणी बहुधा आपल्या गिझरच्या मोठ्या तीन पिनी प्लगची असते, त्यामुळे घरातील १६ अँपिअरचा प्लग लावलेली एक्स्टेंशन बोर्डाची वायर नेली की सगळ्यांचे मोबाइल एकदम चार्ज होतात.

गाडी

हा भाग तांत्रिक आहे. तरीही घाईने वाचू नये, कारण इथे पर्यटकाला सिंहापेक्षा रस्त्याचा धोका कितीतरी अधिक असतो.

वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते आणि चक्र उजवीकडे असते. मूळ परवान्यासोबत आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. डबल कॅब पिकअप, चारही चाकांना ताकद देणारी, टपावर उघडणारा तंबू, मागे छोटा फ्रीज आणि दोन स्टेपनी, असा तिथला नेहमीचा संच आहे. दोन स्टेपनी म्हणजे अतिसावधपणा नव्हे. खडीच्या कडा धारदार असतात, आणि एक चाक फाटल्यावर पुढचे दुरुस्तीचे दुकान १५० किलोमीटरवर असते, तेव्हा दुसऱ्या स्टेपनीची किंमत कळते. गाडी ताब्यात घेताना जॅक, पाना, हवा भरण्याचा छोटा पंप आणि दाब मोजण्याचे यंत्र नुसते दाखवून घेऊ नये. एक चाक तिथल्या तिथे काढून पुन्हा बसवून पाहावे. हे मी पहिल्या खेपेला केले नाही, आणि सॉलिटेअर या वस्तीच्या अलीकडे भर उन्हात लक्षात आले की दिलेला पाना आमच्या नटांना बसतच नव्हता. पाऊण तासाने आलेल्या एका शेतकऱ्याच्या गाडीत योग्य पाना निघाला, म्हणून निभावले.

तिथल्या रस्त्यांच्या नावांत त्यांची प्रत दडलेली असते. 'बी' अक्षराचे रस्ते डांबरी असतात. 'सी' आणि 'डी' अक्षरांचे बहुतेक रस्ते खडीचे. डांबरावर ताशी १२० ची मर्यादा आहे. खडीवर कायद्याने १०० पर्यंत जाता येत असले तरी ८० ची सीमा स्वतःवर घालून घ्यावी आणि वळणावर ६० च्या खाली यावे. पर्यटकांचे बहुतेक गंभीर अपघात समोरासमोर धडकून होत नाहीत. गाडी एकटीच उलटते. सुटी खडी चाकाखाली गोट्यांसारखी घरंगळते, टपावरील तंबूमुळे गाडीचा तोल आधीच वर सरकलेला असतो, आणि अशा वेळी जोरात ब्रेक दाबला किंवा चक्र एकदम फिरवले की मागचा भाग निसटतो. गाडी घसरू लागली, तर ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा आणि चक्र स्थिर धरावे. विम्याच्या कागदांत नेमकी हीच एकट्या गाडीची उलटापालट पुष्कळदा वगळलेली असते. सही करण्यापूर्वी ते कलम शोधून वाचावे.

चाकातील हवा कमी केली की रस्ता निम्मा सुधारतो. खडीवर साधारण २६ ते २९ पीएसआय, खोल वाळूत १५ ते १८ इतका दाब ठेवावा (गाडी देणाऱ्याचा आकडा वेगळा असेल तर तो पाळावा), आणि डांबरावर परतताच हवा पुन्हा भरावी. समोरून गाडी आली की वेग कमी करून डावीकडे सरकावे, कारण तिच्या मागची धूळ काही क्षण सगळे पुसून टाकते. टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की ती भरायचीच. पुढच्या पंपावर इंधन संपलेले असू शकते. पंपावरील कर्मचारी इंधन भरून काचा पुसतो, त्याला पाच-दहा डॉलर द्यावेत. गाडीत माणशी किमान पाच लिटर पाणी कायम असावे. आणि अंधारात गाडी चालवू नये, कारण संध्याकाळनंतर कुडू हरणे आणि रानडुकरे रस्त्यावर येतात. दोनशे किलोहून जड कुडूचा नर बॉनेटवरून थेट काचेत येतो.

मार्ग: बारा रात्री

पहिली रात्र विंडहूकमध्ये काढावी. विमानतळ शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर दूर आहे, आणि लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच खडीवर उतरणे शहाणपणाचे नाही. किराणा इथेच भरावा. तूरडाळ, पोहे आणि गोडा मसाला घरून नेलेला बरा. तांदूळ, भाज्या, दही, पाव सगळे तिथल्या सुपरमार्केटात चांगले मिळते. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, परंतु हॉटेलांच्या भरवशावर राहिले तर दहा दिवस चीज सँडविच आणि बटाट्याच्या काचऱ्या खाव्या लागतात. म्हणूनच मला तळावर स्वतः रांधणे सर्वांत सुखाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी सेस्रीम, सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर, पाच ते सहा तास. इथे दोन रात्री राहावे, आणि तेही दरवाजाच्या आतील तळावर, कारण आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, तर बाहेरच्यांना सूर्य उगवल्यावर. या एका तासात वाळूच्या टेकड्यांची एक बाजू लाल आणि दुसरी काळी दिसते. ऊन चढले की सगळे एकसारखे पिवळट होते. पुढचा रस्ता ६० किलोमीटर डांबरी आहे आणि शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळूचे. वाळूत गाडी चालवण्याचा सराव नसेल, तर डांबर संपते तिथून सुटणाऱ्या शटल गाडीत बसावे, त्यात कमीपणा नाही. डेडफ्लेई या पांढऱ्या चिकणमातीच्या तळाशी बाभळीच्या कुळातील कॅमलथॉर्न वृक्षांचे काळे सांगाडे उभे आहेत. त्साउखाब नदीचे पाणी इथवर येत होते तोवर ते वाढले; वाळूच्या टेकड्यांनी पाण्याची वाट अडवल्यावर वाळले, आणि हवा इतकी कोरडी की कित्येक शतके उलटूनही ते कुजलेले नाहीत. त्यांना हात लावू नये, टेकू नये. शेजारची 'बिग डॅडी' टेकडी सुमारे ३२५ मीटर उंच आहे. चढायची असेल तर नऊच्या आत खाली यावे, नंतर वाळू पाय भाजते.

तिथून सॉलिटेअर गाठून सी१४ रस्त्याने मकरवृत्ताची पाटी आणि कुईसेबचा घाट ओलांडत वॉल्विस बेमार्गे किनाऱ्यावरील स्वाकोपमुंडला यावे आणि दोन रात्री राहावे. हे साडेतीनशे किलोमीटर सहा तास घेतात, आणि शेवटच्या तासात तापमान झपाट्याने उतरते. कारण समुद्रात आहे. अंटार्क्टिककडून येणारा थंड बेंग्वेला प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो. त्याच्यावरची गार, ओलसर हवा पाऊस न पाडता नुसते धुके होऊन वाळवंटात शिरते. त्या धुक्यावर एक अख्खी सृष्टी जगते. पहाटे टेकडीच्या माथ्यावर डोके खाली आणि पाठ वर करून उभा राहणारा भुंगा अंगावर जमलेले दवबिंदू ओघळत तोंडाशी आणतो. हे सगळे आपले आपण दिसत नाही. स्वाकोपमुंडहून निघणारी अर्ध्या दिवसाची मार्गदर्शित वाळवंटफेरी घ्यावी, म्हणजे वाळूत फक्त डोळे बाहेर ठेवून पुरलेला साप, पारदर्शक कातडीची पाल आणि रंग बदलणारा सरडा पाहता येतो. वेल्विचिया ही वनस्पती गावाबाहेरच्या मैदानात आहे: आयुष्यभरात दोनच पाने, आणि आयुष्य हजार वर्षांहून मोठे असू शकते. वॉल्विस बेच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे अगदी रस्त्यालगत असतात. उत्तरेला १२० किलोमीटरवर केप क्रॉस येथे हजारो सील एकत्र राहतात. वासाची तयारी ठेवावी. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो कांव याने १४८६ च्या सुमारास तिथे दगडी क्रूस रोवला, म्हणून हे नाव. त्याच किनाऱ्याने पुढे सरकत पोर्तुगीज बारा वर्षांतच भारताला पोहोचले, हे गोवेकराला तिथे उभे राहून आठवल्याशिवाय राहत नाही.

नंतर दोन रात्री डमारालँडमध्ये. ट्वायफेलफोंटेनच्या खडकांवर शिकारी-संग्राहक लोकांनी कोरलेली दोन हजारांहून अधिक चित्रे आहेत. २००७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. कोकणातील कातळशिल्पे पाहिलेल्यांनी हे चुकवू नयेच. तिथला जिराफ कातळावर उभा आहे, कोकणातल्या चित्रांसारखा जमिनीवर आडवा पसरलेला नाही, एवढ्या फरकाने पाहण्याची पद्धतच बदलते. याच भागातील कोरड्या नदीपात्रांत वाळवंटाशी जुळवून घेतलेले हत्ती फिरतात. ते स्वतःच्या गाडीने शोधू नयेत. वाळूत फसलेली गाडी आणि बिथरलेला हत्ती यांची गाठ पडणे चांगले नव्हे. १९९६ च्या कायद्याने गावसमूहांना आपल्या भूमीवरील वन्यजीवांवर हक्क मिळाले, आणि पर्यटनाचे उत्पन्न थेट त्यांच्याकडे येऊ लागले. असे ८० हून अधिक समूह आज देशात आहेत. त्यांच्या तळावर राहावे आणि त्यांचाच वाटाड्या घ्यावा. कालचा हत्ती आज कुठे असेल हे त्याला ठाऊक असते.

इटोशा

इथे चार रात्री ठेवाव्यात: ओकाउकुएयो दोन, हलाली एक, नमुतोनी एक. अभयारण्य २२ हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. ताडोबा-अंधारीचा गाभा सव्वासहाशे. मधोमध सुमारे १२० किलोमीटर लांबीचे मिठाचे सपाट पात्र आहे, आणि पाणवठे त्याच्या दक्षिण काठाला ओळीने लागतात. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाणारा मुक्कामांचा क्रम सोयीचा पडतो.

ताडोब्यातील जिप्सी आणि गाइडची सवय इथे विसरावी लागते. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या वेळेने फिरायचे; बंधने तीनच, पण कडक: सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात बाहेर राहणे, वेग ६० च्या आत, आणि कुंपण असलेल्या विसाव्याच्या जागा सोडल्या तर गाडीतून न उतरणे. पाणवठ्यावर पोहोचल्यावर सूर्य पाठीशी येईल अशी गाडी लावून इंजिन बंद करावे आणि किमान तासभर थांबावे. बहुतेक गाड्या पाच मिनिटांत निघून जातात, कारण त्यांना 'काहीच दिसत नाही'. वास्तविक पाण्याकाठचे झेब्रे पाणी न पिता एकाच दिशेला कान रोखून उभे असतील, तर त्या दिशेच्या सावलीत दुर्बिणीने झाडून झाडून पाहावे. सिंहीण बहुधा तिथेच पसरलेली असते. मुक्कामाच्या कार्यालयात कोणी काय पाहिले याची नोंदवही असते, ती रोज संध्याकाळी वाचावी. रानम्हशी, पाणघोडे आणि मगरी इटोशात नाहीत. त्यांची वाट पाहू नये.

वाटेत उंच मानेचा, संथ चालीचा एक मोठा पक्षी वारंवार दिसेल. तो कोरी बस्टर्ड, आपल्या माळढोकाचाच सख्खा भाऊबंद, एकाच प्रजातिकुळातला. नान्नजच्या माळावर एका दर्शनासाठी दिवस दिवस घालवलेल्या माणसाला तो इथे रस्त्याकडेला सहज चरताना पाहून काय वाटते, ते मी लिहीत बसत नाही.

ओकाउकुएयोचा पाणवठा तळाच्या दगडी भिंतीला लागूनच आहे आणि रात्री त्यावर मंद दिवे असतात. रात्री आठनंतर शाल, थर्मासात चहा आणि गप्प बसण्याची तयारी घेऊन तिथल्या बाकावर जाऊन बसावे. जुलैतल्या एका रात्री आम्ही तीन तास बसलो. आधी काळा गेंडा आला, एकटा, पाण्यातील स्वतःच्या प्रतिबिंबाकडे थबकत; मग पिल्लू घेऊन एक मादी; आणि नंतर चाहूलही न लागू देता हत्तींचा कळप, ज्याने सगळ्यांना बाजूला सारले. काळा गेंडा जगात फार थोड्या ठिकाणी इतक्या खात्रीने दिसतो. फ्लॅश वापरू नये, आणि मुलांना झोप आली असेल तर त्यांना तंबूत ठेवूनच यावे.

माणसे, पाणी, बाजरी

दुकानात किंवा पंपावर थेट प्रश्न विचारणे तिथे उद्धट समजले जाते. आधी विचारपूस, मग काम. इंग्रजी राजभाषा आहे, पण सुमारे निम्मे लोक ओशिवाम्बो बोलतात. सकाळी 'वा लाला पो', म्हणजे 'झोप झाली का?', एवढे म्हटले की समोरचा चेहरा खुलतो. ओवाम्बो घरांतील रोजचे अन्न महांगू, म्हणजे आपली बाजरी. तिच्या पिठाचा घट्ट गोळा, ओशिफिमा, हाताने तोडून भाजीबरोबर किंवा मटणाबरोबर खातात. भाकरीच्या माणसाला ती चव परकी वाटत नाही. विंडहूकच्या कातुतुरा भागातील बाजारात निखाऱ्यावर भाजलेले गोमांस, 'कपाना', तिखटमिठात बुडवून विकतात. न खाणाऱ्यांनीही तिथली दुपार पाहावी, मात्र स्थानिक सोबतीसह. रविवारी शहरे सुनी असतात, त्यामुळे खरेदी शनिवारी सकाळीच उरकावी. विंडहूकमधील नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. १९६८ पासून हे शहर सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पुरवठ्यात मिसळते. असे करणारे ते जगातील पहिले शहर.

हेरेरो स्त्रियांचे घेरदार पोशाख आणि गुरांच्या शिंगांसारखे शिरोवेष्टन, किंवा गेरू आणि लोण्याचा लेप लावलेल्या हिंबा स्त्रिया दिसल्या की कॅमेरा आपोआप वर जातो. आधी विचारावे, नकार आल्यास विषय सोडावा, आणि मुलांना चॉकलेटे वाटू नयेत. गाडी उभी करताना सीटवर पिशवी ठेवू नये. 'तुमच्या चाकात हवा नाही' असे सांगत कोणी थांबवले, तर काचा वर, दारे बंद आणि पुढच्या पंपावरच थांबायचे.

परतीचा टप्पा

नमुतोनीहून त्सुमेबमार्गे ओत्जिवारोंगो सुमारे २९० किलोमीटर, संपूर्ण डांबरी. बारावी रात्र इथे काढावी, कारण जवळच चित्ता संवर्धनाचे काम करणारी 'चीता कन्झर्वेशन फंड' ही संस्था आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडलेले आठ चित्ते नामिबियातूनच आले. नामिबियातील बहुतेक चित्ते अभयारण्यांत नव्हे, तर खासगी गुरांच्या शेतांवर राहतात, कारण सिंह आणि तरस तिथे कमी. साहजिकच त्यांचे भांडण शेतकऱ्याशी असते. ही संस्था शेतकऱ्यांना कळप राखणारी मोठी कुत्री देते. कुत्र्याच्या भुंकण्याने चित्ता निघून जातो, बंदूक उचलावी लागत नाही. मेंढपाळांच्या गावांतून आलेल्या वाचकाने ते कुत्रे पाहण्यासाठी तरी जावे.

विंडहूक तिथून २५० किलोमीटर. उत्तरेकडून येताना गुरांच्या रोगनियंत्रणाची नाकी लागू शकतात. कच्चे मांस दक्षिणेकडे नेऊ देत नाहीत, आणि कुठे कुठे चाके व बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. गाडी परत करताना टाकी भरलेली, दोन्ही स्टेपन्या जागेवर आणि प्रत्येक काचेचा फोटो काढलेला असावा, कारण खडीने पडलेला बारीकसा तडाही बिलात येतो. उरलेले नामिबियन डॉलर त्या शेवटच्या टाकीतच घालावेत. मुंबईत ते कोणी बदलून देत नाही.